डावा पाय

मी घरात खुर्चीत बसलेला असतो आणि बाहेर एखादा भरलेला ट्रक गिअर बदलू लागतो. लगेच माझा डावा पाय फरशीवर दोनदा दाबला जातो. बायको ते बघते आणि भाजी निवडत राहते. पूर्वी ती हसायची, "अवो, गाडी उभी हाय तुमची," म्हणायची. आता म्हणत नाही, आणि त्याचं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

दोनदा का, हे आजच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. मी ज्या ट्रकवर शिकलो त्याचा गिअरबॉक्स मोठा हट्टी होता. क्लच दाबून सरळ खालचा गिअर टाकायला गेलात तर आतले दाते एकमेकांवर घासून असा करकराट व्हायचा की रस्त्याकडेचे लोक वळून बघायचे. म्हणून आधी क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून जराशी रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि मग गिअर. रेस किती द्यायची ते कानाने ठरवायचं. जमलं तर दांडा दोन बोटांनी आत जातो. याला डबल क्लच म्हणतात. माझा उस्ताद गडब गावचा, पावसाळ्यात भात लावायचा आणि एरवी ट्रक चालवायचा. सुकेळी खिंडीत त्याने मला महिनाभर शिकवलं, म्हणजे महिनाभर शिव्या दिल्या. गिअर वाजला की पाठीत धपाटा. माझं लग्न ठरलेलं होतं आणि मी धपाटे खात होतो! त्याचा राग यायचा, पण ज्या दिवशी अख्खी खिंड एकही आवाज न करता उतरलो, त्या दिवशी त्याने मला स्वतःच्या डब्यातली सुकट वाढली.

या पायाची किंमत मला हमरापूरने दिली. तिथल्या घराघरात गणपतीच्या मूर्ती घडतात, आणि ओल्या रंगाची, भाताच्या पेंढ्यात बसवलेली मूर्ती ट्रकच्या एका धक्क्याने कामातून जाते. आधी बोटं तुटतात, मग कान. तिथली एक कारखानदारीण, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. ड्रायव्हर निवडायची तिची रीत होती. रिकामा ट्रक तिच्या अंगणापासून सडकेपर्यंत नेऊन परत आणायचा. ती आत बसून मूर्तीचे डोळे लिहीत असायची, बाहेर येऊन बघायचीसुद्धा नाही. गिअर तिला ऐकू आला तर माल भरायचा नाही. मोठमोठे मिशाळ ड्रायव्हर तिने परत पाठवले. मला तिने पहिल्याच खेपेला "भरा रे" म्हटलं, आणि पुढे कित्येक वर्षं तिचा माल माझ्याशिवाय कोणी नेला नाही. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू. पेणपासून रोह्यापर्यंत माझ्यासारखा पाय नाही, असं मीच सांगत सुटायचो.

मग नव्या गाड्या आल्या. पेणच्या एका मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडून मला पितळेची एक कडी दाखवली. म्हणाला, "काका, हीच सगळा मेळ घालते आता. तुमी उगाच दोनदा पाय मारता." बाईच्या बांगडीएवढी कडी! तेवढ्यासाठी मी महिनाभर मार खाल्ला होता. मी त्याच्याशी तासभर भांडलो. उताराला कामी येतं, कडी झिजली की कामी येतं, असं बरंच काही बोललो. तो ऐकत होता आणि बोल्ट पिळत होता. खरं सांगायचं तर तो बरोबर होता, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

मुलगा धाटावला कंपनीत आहे. शिफ्ट, वर गुडघेदुखी, म्हणून त्याने ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लचच नाही. पहिल्यांदा आत डोकावलो तर खाली दोनच पॅडल, आणि ब्रेकचं पॅडल चांगलं रुंद, पाटासारखं. "बाबा, डाव्या पायाला काम नाय," तो म्हणाला. "मागं घेऊन ठेवा." मी म्हटलं, मग तो कापूनच ठेवतो. तो हसला नाही. त्याच्या मनात होतं की मी आता चालवणं सोडावं. सत्तरी उलटली होती माझी, आणि ट्रक विकूनही बरीच वर्षं झाली होती. पण घरचा गणपती हमरापूरहून आणायचा तो मीच, हे माझं शेवटचं काम उरलं होतं. तेवढं मी कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हतो. शेवटी त्याने चार दिवस मला गाडी शिकवली. मला! आणि म्हणाला, "यंदा नीट झालं तर दर वर्षी तुमीच आणा. नाय झालं तर मग हट्ट करायचा नाय." मी म्हटलं, कबूल.

त्या दिवशी त्याची शिफ्ट होती. मी आणि बायको दोघंच गेलो. मूर्ती शाडूची, दीड फुटाची. येताना बायको मागच्या सीटवर बसली, मूर्ती मांडीवर, मूर्तीच्या तोंडावर लाल रुमाल. वडखळ गेलं, गडब गेलं, नागोठणं गेलं. डावा पाय मी सीटखाली दाबून धरला होता. गाडी अशी चालली होती की बायको म्हणाली, "उगाच घाबरत होते मी." मला फार बरं वाटलं ते ऐकून.

भिसे खिंड चढलो. माथ्यावरून उतार दिसला. उतार लागायच्या आधी खालचा गिअर टाकायचा, हे माझ्या अंगात जन्मभर मुरलेलं. मी काही ठरवलं नाही. माझा हात दांड्यावर गेला आणि डावा पाय सीटखालून सुटून क्लचवर पडला. ट्रकचा क्लच दाबायला जेवढा जोर लागतो, तेवढ्या जोराने पडला. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागून बायकोचा आवाज आला, मग दुसरा एक आवाज आला, मडकं फुटल्यासारखा. मी वळून बघितलं. तिचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं. तिचे दोन्ही हात अजून मूर्तीला धरून होते. रुमाल घसरला होता. आशीर्वादाचा हात मनगटापासून तुटून तिच्या पायाशी पडला होता आणि सोंडही गेली होती. ती म्हणाली, "मला कायबी झालं नाय." आणि मग रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली. त्यानंतर मला चावी फिरवायचा धीर झाला नाही.

फोन केला तसा मुलगा शिफ्ट सोडून बाईकवर आला. आधी आईचं कपाळ बघितलं, पाणी दिलं. बाईक तिथल्या टपरीवाल्याकडे ठेवली, मला मागे बसवलं आणि गाडी परत हमरापूरला घेतली. उद्या चतुर्थी, घरी गणपती हवा. सगळी वाट मी त्याच्या मानेकडे बघत होतो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हातारी कारखानदारीण आता पंच्याऐंशीच्या घरातली, कारखाना तिची सून बघते. पण ती अंगणात बाजेवर बसलेली असते. तिने बायकोच्या हातातली फुटकी मूर्ती बघितली, तिच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं.

"कोण चालवत होता गो?" तिने बायकोला विचारलं.

मी तोंड उघडणार होतो. उघडणारच होतो, हे मी स्वतःला अजून सांगतो. पण बायको आधी बोलली. "ह्यो," ती म्हणाली आणि मुलाकडे बोट दाखवलं.

म्हातारीने मुलाला जवळ बोलावलं. "बापाच्या हाती का नाय दिलीस रे गाडी? त्याच्यासारखा पाय हाय का कोणाचा? शिकून घे त्याच्याकडनं, तो हाय तोवर."

मुलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय आजी," तो म्हणाला. "माझीच चूक झाली."

मी उभा होतो. तीन माणसं माझ्यासमोर होती, त्यातल्या दोघांना खरं माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो. कसला ड्रायव्हर आणि कसला बाप! म्हातारीच्या सुनेने दुसरी मूर्ती आणून दिली. येताना मूर्ती माझ्या मांडीवर होती, आणि भिसे खिंड मुलाने एकही धक्का न देता उतरवली. डावा पाय मागे ठेवून.

आता दर वर्षी गणपती तोच आणतो. मी जात नाही, गुडघ्याचं निमित्त सांगतो. म्हातारी अजून आहे. दर वर्षी ती अंगणात सगळ्यांसमोर त्याला तीच गोष्ट ऐकवते आणि बापाकडून शिकलास का म्हणून विचारते. तो म्हणतो, "शिकतोय आजी." हे त्याने मला कधी सांगितलं नाही, त्याच्याबरोबर जाणाऱ्या आमच्या सुनेने सांगितलं.