नकाशातली मेंढरांची वाट

दौलताबाद रस्त्यावरच्या ख्रिस्ती सेमिनरीचं विद्यापीठ होणार होतं. त्या कार्यक्रमाची बातमी घ्यायला मी गेलो होतो. मांडवात नव्या इमारतींचा नकाशा लावून प्राचार्य पुढच्या योजना सांगत होते. मागे एक धनगर उभा होता. खुर्ची दिली तरी तो बसला नाही. काठीवर हनुवटी टेकून तो नकाशातल्या इमारतींभोवतीच्या लाल रेघेकडे पाहत राहिला. ती कुंपणाची भिंत होती.

भाषण संपल्यावर तो पुढे आला. “सायेब, भिंत झाल्यावर माझी मेंढरं आतल्या तळ्यावर कशी जायची? दुसरं पाणी नाय इकडं.”

प्राचार्यांनी रेघेतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. “हे दार त्यासाठीच ठेवलंय, दादा.”

“अन् रविवारी? तवा तुमची प्रार्थना असती.”

“रविवारीही उघडंच. फक्त मेंढरांना जरा गप्प ठेवा.”

“ती माझं तरी कुठं ऐकत्यात!”

सगळे हसले, तोही हसला. मग काठी बाजूला ठेवून तो खुर्चीत टेकला. त्या दिवशी विद्यापीठाला शुभेच्छा बऱ्याच जणांनी दिल्या. माझ्या लक्षात त्याचीच राहिली.

“आता बांधा,” तो म्हणाला, “लई मोठं बांधा.”