वहाणेची चकती
नळ खोलताना कुजक्या चामड्याचा वास आला, की मला लोणावळ्याचं आमचं जुनं घर आठवतं. काकांनी तिथे नळ घेतला आणि त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, विहिरीचं पाणी वाहण्यातून सुटली. वर्षभराने नळ गळू लागला. मिस्त्रीला अडाणी समजणाऱ्या काकांनी तो पाहुण्यांसमोर स्वतःच खोलला, तर आतून चामड्याची चकती निघाली. चामड्याने विटाळलेलं तेच पाणी वर्षभर देवांसकट सगळे प्यायले होते. काकांनी आपल्या जुन्या वहाणेची नवी चकती कापून बसवली, गळती थांबवली आणि जाहीर केलं, की नळ बागेला. पिण्याचं आणि देवाचं पाणी विहिरीचं. आत्या म्हणाली, "दादा, सायकलच्या ट्यूबची चकती घाल की. त्या निसरड्या पायऱ्या आता गुडघ्यांना झेपत नाहीत रे." काका म्हणाले, "रबराबद्दल शास्त्र काय म्हणतं, ते आधी बघावं लागेल." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मावळच्या पावसात आत्या मरेपर्यंत कळश्या वाहत राहिली. आज मी माझ्या घरच्या नळात ट्यूब कापून चकती बसवली, पाच मिनिटं लागली. काकांचं मात्र ते शास्त्र बघायचं राहूनच गेलं.