गोधडीच्या पोटातली नानकटाई

माझ्या थोरल्या जावेइतकी सुखी बाई मी सबंध लालबागेत पाहिली नाही, आणि एका बाईच्या सुखापायी इतकी त्रासलेली चाळही दुसरी पाहिली नाही. बाकीच्या बायकांना उन्हाळ्यात घामोळं येई, हिला हुरूप येई. होळीची राख निवते न निवते तोच ती कमरेला पदर खोचून, ओठांत सुई धरून चाळभर फिरायला लागे. ओठांत सुई असेपर्यंत ती बोलत नसे, एवढाच तिच्या कलेचा चाळीला फायदा. तिला गोधड्या शिवायचा नाद होता. नाद हा सौम्य शब्द झाला. दुसऱ्या बाईला असं काही झालं असतं तर घरच्यांनी भगत बोलावला असता.

माणूस भेटलं की लोक तोंडाकडे बघतात, ही कापडाकडे बघे. समोरची बाई आजारी आहे की बाळंतीण, हिला पत्ता नसे. पण तिचं लुगडं अजून किती धुण्यांत मऊ होईल ते ही चालत्या पावली सांगे. गोधडीला नवं कापड चालत नाही, अंगावर विरलेलंच लागतं, हे खरं. पण त्यासाठी माणसानं किती वाट बघावी याला काही रीत आहे. तिसऱ्या मजल्यावरचे एक मास्तर वारले तेव्हा ही सांत्वनाला गेली. बाईच्या पाठीवरून हात फिरवला, दोन उसासे टाकले आणि म्हणाली, "धोतरां काय केलात त्यांची?" मी तिला चिमटा काढला, तर ती मलाच म्हणाली, "चिमटे काय काढतंस गो?" त्या बाईनं धोतरं दिली. श्रावणात गोधडी शिवून हातात पडली तेव्हा ती बाई हमसून रडली. दहाव्याला ती एवढी रडली नव्हती.

माझ्या लग्नातल्या डाळिंबी लुगड्यावर तर हिचा डोळा मी माप ओलांडलं त्या दिवसापासून होता. दर उन्हाळ्यात पदर दोन बोटांत चोळून बघायची आणि तोंड वाकडं करायची. "कच्चां कापड गो तुझां. टिकुचां नाय." एवढं कच्चं आहे तर नजर कशाला लावतेस, असं मी विचारलं की ओठांत सुई जाई.

शिवायला जागा म्हणजे आमची गॅलरी. खोलीत माणसं मावत नव्हती, गोधडी कुठली मावणार? मे महिन्यात अर्धी चाळ कोकणात जाई आणि उरलेल्या अर्ध्या चाळीला ही चालू देत नसे. भर दुपारी गॅलरीभर लुगडी अंथरून मधे बैठक मारी. रात्रपाळी करून आलेला माणूस कठड्याला धरून, खेकड्यासारखा तिरका तिरका आपल्या दारापर्यंत पोचे. कोणाचा पाय काठावर पडलाच तर अंगुस्तान घातलेल्या बोटानं ती घोट्यावर टिचकी मारी. शिवण कडेनं सुरू करून चौकटीत चौकट काढत मध्यावर आणायची, ही तिची पद्धत. मध्यावर वीतभर जागा उघडी राही. ते गोधडीचं पोट. पोट उपाशी ठेवून गोधडी शिवली तर पांघरणाराला कधी भरल्या पोटी झोप लागत नाही, असं तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं. म्हणून शेवटचे टाके घालायच्या आधी पोटात काहीतरी खायचं घालावं लागे. आजी चार तांदूळ घालायची. ही आता मुंबईची झालेली, हिला तांदूळ कमीपणाचे वाटत. ही नानकटाई घाले. मग त्या गोधडीत महिनाभर मुंग्या. गिऱ्हाईक गोधडी घेऊन भांडायला आलं की ही म्हणे, "गोधडी भरल्या पोटाची आसा, म्हणान मुंग्यो इल्यो."

नानकटाई म्हणजे तिचं दुसरं सुख. पीठ, साखर, तूप घेऊन भट्टीवर जायचं, तिथल्या पत्र्यावर वळायचं आणि भट्टीवाल्याकडून भाजून घ्यायचं, हे तेव्हा सगळ्याच बायका करत. पण बाकीच्या बायका पत्रे भट्टीवाल्याच्या हवाली करून वाऱ्याला बाहेर बसत. ही भट्टीच्या तोंडाशी बसे. आपलं तूप दुसऱ्याच्या पत्र्यात जाईल अशी तिला धास्ती होती. तूप पत्रा सोडून कसं जाईल, हे तिनं कधी समजावून सांगितलं नाही. शिवाय नानकटाई बदलली जाऊ नये म्हणून प्रत्येक नगावर ती अंगुस्तानाचा ठसा उठवी. त्यामुळे आमच्या घरची नानकटाई देवीचे व्रण आल्यासारखी दिसे. भट्टीवाला म्हातारा एकदा कावून म्हणाला, "बाई, तुमची नानकटाई फुकट दिली तरी कोणी बदलून घेणार नाही." ही खूश होऊन घरी आली. भट्टीवाल्यानं वाखाणली, असं तिनं चाळभर सांगितलं.

आणि तिसरं सुख म्हणजे बोट. मे संपायच्या आत, दर्या खवळून बोटी बंद व्हायच्या आधी, भाऊच्या धक्क्यावरून ती माहेरी जाई. तिची आई गावात एकटी होती. पावसाळ्यात तिचे सांधे धरत आणि दर वर्षी लेकीच्या हातची नवी गोधडी आल्याशिवाय म्हातारीचा पावसाळा सुरू होत नसे. बोटीवर ही गोधडी अंथरून बसे, शेजारच्यांच्या लुगड्यांची चौकशी करी आणि बोट लागलेल्या माणसांना लिंबू वाटे. लिंबू देताना बजावे, "ओकायचां तर दर्यात ओक रे बाबा, गोधडीर नको." तिला स्वतःला बोट कधी लागली नाही. मीच एकदा तिच्याबरोबर गेले ती मुरगळून पडले. माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं खरं, पण गोधडी आधी घडी करून बाजूला ठेवली.

मी सांगतेय त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. चाळीत रोज सभा, रोज घोषणा. पुरुष जेवताना पानात कमी आणि दिल्लीकडे जास्त बघत. माझा धाकटा दीर त्यात बुडालेला होता. तो बरीच वर्षं बदली कामगार होता आणि नुकताच गिरणीत कायम झाला होता. तो पकडला गेला असता तर नोकरी जाणार होती, आणि एका खोलीत राहणाऱ्या आमच्या दोन संसारांना त्याच्या पगाराचा मोठा टेकू होता. हे त्याला सांगून उपयोग नव्हता. थोरल्या जावेला सांगून तर मुळीच नव्हता. तिचं राजकारण एवढंच होतं, की मोर्चात माणसांचे सदरे फाटतात आणि फाटलेले सदरे फेकून देऊ नयेत.

दिल्लीहून कोणी बडा मंत्री यायचा होता आणि परळच्या रस्त्यावर त्याला काळे झेंडे दाखवायचे असं पोरांचं ठरलं. काळं कापड आणलं. पोलीस झडती घेतील म्हणून दिरानं ते मोठ्या हुशारीनं जावेच्या चिंध्यांच्या गाठोड्यात दडवलं आणि ही गोष्ट जगात एकाच माणसाला सांगितली नाही. तिलाच.

दोन दिवसांनी तो गाठोडं उपसायला लागला. जाऊ गॅलरीत आईची गोधडी शिवत होती. परवा बोट होती.

"वैनी, यातलं काळं कापड कुठाय?"

"तां? तां आत गेलां."

"आत म्हणजे?"

तिनं सुईनं गोधडी दाखवली. "तळाक घातलंय. मळ दिसूचो नाय."

दीर मटकन खाली बसला. तेवढ्यात माझं लक्ष गोधडीच्या वरच्या थराकडे गेलं आणि मीही बसले. माझं डाळिंबी लुगडं होतं. दोरीवरचं काढून नेलं होतं. मी तोंड उघडणार तर दीर म्हणाला, "वैनी, उसव. झेंडे आहेत ते."

"उसवू? आणि परवा बोट सुटली की आयशीक काय तुझो झेंडो पांघरूक घालू?"

"अगं, महाराष्ट्राचा प्रश्न आहे."

"महाराष्ट्र काय, आज नाय तर उद्या येतलो. बोट येवची नाय."

दिरानं हात जोडले, पाय धरले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "काळांच होयां मां तुमका? मग घरातल्यो छत्र्यो काय पिवळ्यो आसत?" आणि खाली मान घालून शिवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. कोणीतरी चुगली केली होती. एक साहेब आणि एक हवालदार. खोल्यांमधली गाठोडी उपसली, पेट्या उघडल्या, माझं तांदळाचं पीठसुद्धा चाळून बघितलं. दीर नळाशी उभा राहून भरलेली बादली पुन्हा भरत होता. जाऊ गॅलरीत गोधडीवर बसून काठ पक्के करत होती. साहेब गोधडीवरून चालत आला आणि तिनं त्याच्या घोट्यावर टिचकी मारली. साहेब चिडून खाली बसला आणि गोधडी चाचपायला लागला. मध्यावर त्याच्या हाताला गोळा लागला.

"इसमें क्या है?"

"नानकटाई," जाऊ म्हणाली.

"क्या बोलती है?"

"बिस्कुट बोलती है साब," हवालदार म्हणाला.

"गोधडी में बिस्कुट? खोलो."

तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायला घेतला. "उसवूक सगळ्यांका येता. शिवूक मीच," असं पुटपुटत तिनं पोट उघडलं. माझ्या लुगड्याखाली मास्तरांचं उरलेलं धोतर दिसलं आणि त्यावर ठसा उठवलेली नानकटाई. धोतराच्या खाली लगेच काळं होतं. साहेबानं नानकटाई उचलून उलटीसुलटी पाहिली. हवालदाराला म्हणाला, हात घालून बघ.

हवालदार वाकला. त्यानं हात आत घातला आणि तो हात एका जागी थांबला. तो जावेकडे बघत होता, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या कापडाकडे न बघता तोंडाकडे बघत होती.

"कुछ नहीं साब," तो म्हणाला. "फटा हुआ धोती है. हमारे गाव में भी पेट में ऐसा डालते हैं."

साहेबानं नानकटाई तिच्या हातात ठेवली आणि हात झटकत उठला. जाताना ती त्याला म्हणाली, "साहेब, प्यांट जुनी झाली तरी माझ्याकडे हाडू नका हां. खाकीत सुई मोडता."

ते जिना उतरून गेले. मग ती ओरडायला लागली. दिरावर नाही, पोलिसांवर नाही. टाक्यांचा ताण बिघडला म्हणून. मला वाटलं, या बाईला आपण कशातून वाचलो ते कळलेलंच नाही. मग तिनं सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. म्हणाली, "ओव गो जरा." अंधारात सुई ओवणारी बाई ती. दोऱ्याचं टोक चोखून चोखून तिनं पार पिंजून टाकलं होतं. मी डब्यातला दुसरा दोरा ओवून दिला. तिनं नानकटाई पुन्हा पोटात घातली आणि वरून टाके घातले. गडबडीत मी लाल दोरा ओवला होता. एरवी तिनं तेवढ्यासाठी सगळं उसवायला लावलं असतं.

मंत्र्याची मोटार आली त्या दिवशी फुटपाथवर आमची सगळी पोरं छत्र्या घेऊन उभी होती. वैशाखाचं ऊन, आकाशात ढग नाही. मोटार जवळ आली तशा सगळ्या छत्र्या एकदम उघडल्या. पोलिसांनी विचारलं तर पोरं म्हणाली, ऊन लागतंय. उन्हाला पकडायचा कायदा त्यांच्याकडे नव्हता. त्याच दिवशी आमची जाऊ बोटीत बसली आणि झेंडे आईला पांघरायला घेऊन गेली.

आठवड्याभरानं तो हवालदार साध्या कपड्यांत आला. हातात बायकोचं जुनं लुगडं होतं. म्हणाला, "वैनी गावाहून आल्या की गोधडी शिवा म्हणावं. आत भर चांगली घालतात त्या." मी लुगडं घेतलं. तो हसला नाही, मीही हसले नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीवर दिवे लागले. दिराला हुक्की आली की ती गोधडी गावाहून आणून गॅलरीत टांगायची. जाऊ म्हणाली, "म्हातारीच्या अंगावरची काढू? पताको लाव." म्हातारीनं ती शेवटपर्यंत पांघरली. झेंड्यांचं तिला कधी कोणी सांगितलं नाही. ऊबदार आहे एवढं ती म्हणे. मग गोधडी जावेकडे परत आली, आणि जावेच्या मागे माझ्याकडे.

आता ती पायाशी विरलीय. आधी माझं डाळिंबी लुगडं गेलं, मग मास्तरांचं धोतर. तळातलं काळं वर यायला लागलंय आणि ते अजून धड आहे. मध्यावर लाल टाक्यांची चौकट तशीच आहे. सून म्हणते, ठिगळ लावू या. ठिगळाला विरलेलं कापड लागतं, आणि आताच्या कापडांना विरायला कोणी सवड देत नाही. तशीच घेते मी ती. रात्री पाय काळ्याला लागले की मला ऐकू येतं ती काय म्हणाली असती ते. तुझां कापड पयल्यापासूनच कच्चां गो. त्यावर काय बोलायचं ते मी कधीचं ठरवून ठेवलंय. ऐकायला तिला वेळ नाही, एवढंच.