जुन्या गिऱ्हाइकाचा फोन

आमची आत्या दुकानात साधी उशीची खोळ घेतली तरी आधी ती उलटी करते. आतली शिलाई बघते, धागा ओढून बघते, मग दुकानदाराचं तोंड बघते. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. कापडाची वरची बाजू म्हणजे तिच्या लेखी निव्वळ थापा. हे कपड्यापुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण बाईने माणसंही उलटी करून बघायचा नाद लावून घेतला, आणि त्यापायी माझी स्कूटर, माझी कंबर आणि माझं डोकं, तिन्हींची वाट लागली.

आत्या राहायची तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गुडघे दोन्ही गेलेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण पुढे जिना हा शब्द विसरायचा. तेव्हा आहे ते घर विकून तळमजल्यावर दुसरं घ्यायचं, तेही ऑपरेशनच्या आधी. नाही जमलं तर मुलाकडे जायचं. मुलगा गुणी, सूनही गुणी. पण सून आणि आत्या एका स्वयंपाकघरात आठवडाभर राहिल्या तर एक पोलीस चौकीत जाईल आणि दुसरी दवाखान्यात. तरी सुनेने बिचारीने हॉलमधला सोफा सरकवून पलंगापुरती जागा मोकळी केली होती.

"आणि माझं मशीन कुठं ठेवू?" आत्याने विचारलं.

"आता कशाला मशीन, आई? आराम करा की."

झालं! त्या आरामाची तिने अशी धास्ती घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन. "ढब्ब्या, स्कूटर काढ. एजंट बघायचाय."

लोक काय करतात? पाटी वाचतात, आत जातात, चहा पितात, घरं बघतात. ही बाई खुर्चीत टेकायच्या आधी म्हणाली, "तुमच्याकडून ज्यांनी आधी घरं घेतली त्यांची नावं द्या. मी जाऊन भेटणार आहे."

पहिल्या एजंटाचं नाव आम्ही अत्तर ठेवलं, कारण तो यायच्या आधी त्याचा वास यायचा. त्याने हसत हसत एका बँकेतल्या कारकुनाचा पत्ता दिला. कारकून चौथ्या मजल्यावर. लिफ्ट तिथेही नाही.

"आत्या, तीन मजले टाळायला तू चार चढतेयस."

"तोंड चालवू नकोस. हात धर."

कारकुनाने तोंडभरून स्तुती केली. एजंट असा सज्जन, तसा सालस, अगदी घरच्यासारखा. मी मनात म्हटलं, सुटलो. आत्या म्हणाली, "घरच्यासारखा आहे ना? मग लावा त्याला फोन. तुमच्या फोनवरून. आत्ता."

कारकुनाने लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. "कामात असतील," असं म्हणून तो कसंनुसं हसला. मग आत्याने स्वतःच्या फोनवरून लावला. पुरती एक घंटाही वाजली नाही. "बोला ताई! कधी येताय घर बघायला?"

आतून कारकुनाची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "ऐकलंत? न्हाणीघराचं छत गळतंय म्हणून किती महिने सांगतेय, त्याला फोन करा, त्याला फोन करा! म्हणे मोठा माणूस आहे, कामात असेल!"

नवराबायकोची जुंपली. आम्ही चपला घातल्या. जिना उतरताना आत्या म्हणाली, "शिलाई उसवलेली आहे."

दुसऱ्या एजंटाचं नाक पोपटासारखं होतं. त्याने ज्या बाईंकडे पाठवलं त्यांचंही नाक हुबेहूब तसंच. बाई एजंटाचं कौतुक करता करता गहिवरल्या. आत्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत एजंट त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा.

"भाऊ का?"

"हो… म्हणजे, भाऊच आहे, पण घरही त्यानंच दिलं ना!"

खाली आल्यावर मी म्हटलं, "बहीण असली म्हणून काय झालं? घर तर दिलं."

"अरे गाढवा, गिऱ्हाईक दाखव म्हटलं तर जो बहीण दाखवतो, तो घर म्हणून काय दाखवेल?"

मी स्कूटरला किक मारली. माझं दुकान बंद होतं, पोटात कावळे ओरडत होते, आणि ऑपरेशनची तारीख मिळालेली होती.

तिसरा एजंट इस्त्रीवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात बसायचा. हसायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आत्याने मागणी केली तसं त्याने भराभर फोन नंबर सांगितले आणि म्हणाला, "जा, भेटा. पण ते माझ्याबद्दल बरं बोलतील याची हमी मी देत नाही."

आत्याचा चेहरा असा खुलला, जसा तो सुनेच्या हातचं खाऊन कधी खुलला नव्हता. त्याचं नाव पडलं खडूस.

खडूसच्या गिऱ्हाइकांनी त्याला खरंच शिव्या घातल्या. औषधाच्या दुकानवाली म्हणाली, "उर्मट माणूस. मी पडदे बघत होते तर म्हणतो, बाई, पडदे मालक काढून नेणार आहे, भिंत बघा. आणि माझी खिडकी? अजून नीट लागत नाही."

"लावा फोन," आत्या म्हणाली.

तिने लावला. लगेच उचलला. "आता काय? खिडकी का? बोललोय सुताराशी. नाही आला तर मी येतो. ठेवा."

औषधवाली फोनकडे बघतच राहिली. "अगंबाई, उचलतो की! मी आपली समजत होते, आता कुठला उचलतोय."

गाण्याच्या मास्तरांकडे तेच. निवृत्त ड्रायव्हरकडे तेच. "उचलतो की!" म्हणून सगळे चकित, आणि सगळ्यांना एकदम आपापली जुनी दुखणी आठवली. मी म्हटलं, "आत्या, आता बास. हाच घे." ती म्हणाली, "अजून एकीकडे जाऊ." मी स्कूटरवर डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

एकदाचा खडूस ठरला. तिसऱ्या मजल्याला त्याने गिऱ्हाईक आणलं, आणि तळमजल्यावरचं एक घर दाखवलं. दोन खोल्या, दाराशी एकच पायरी, पुढच्या खिडकीतून असा उजेड की सुईत धागा चष्म्याशिवाय जावा. आत्या त्या खिडकीखाली उभी राहिली आणि दोन्ही हातांनी हवेत मशीनची लांबीरुंदी मापली. मला वाटलं, जमलं.

खडूस म्हणाला, "मागे कचऱ्याचे डबे आहेत. सकाळी वास येतो. नंतर बोलायचं नाही."

"शेजारीपाजारी विचारते आणि सांगते," आत्या म्हणाली.

"मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहतो. त्याच्याकडे आणखी एक गिऱ्हाईक आहे. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाहीतर त्याला दाखवून टाकणार."

दुसरं कुणी असतं तर तिथेच हो म्हणालं असतं. आत्याने दुपारपर्यंत आख्खी गल्ली विचारून काढली. कुणाचा नळ कधी येतो, कुणाचा कुत्रा चावतो, सगळं. मग घरी येऊन, तिन्ही मजले चढून, धापा टाकत म्हणाली, "हो म्हणून टाकू."

फोन लावला. लागेना. सारखा दुसऱ्या कॉलवर. माझ्या फोनवरून लावला, तेच. चहा झाला, पुन्हा लावला, तेच. आत्याचा चेहरा उतरत गेला. "हाही तसलाच निघाला," ती हळू आवाजात म्हणाली. तेवढ्यात सुनेचा फोन आला की नवी गादी आणलीय, मऊ आहे. आत्याने फोन ठेवून दिला.

मी स्कूटर काढली. गाळ्याला कुलूप. इस्त्रीवाला म्हणाला, "सकाळपासून फोन कानालाच आहे त्यांच्या. औषधवालीकडे गेलेत."

तिथे जाऊन बघतो तर खडूस स्टुलावर उभा. एका हाताने सुतारासाठी खिडकीची चौकट धरलेली, फोन मान वाकडी करून खांद्यात दाबलेला, आणि पलीकडून मास्तर आपल्या संडासाच्या दाराची कहाणी सांगताहेत. मला बघून त्याने मास्तरांना तोडलं आणि माझ्यावर तुटून पडला.

"तुमची आत्या! माझा नाद सोडलेली माणसं होती ही! घराघरात जाऊन उठवलंन सगळ्यांना. उचलतो म्हणे, उचलतो! दोन दिवस जेवण धड नाही मला!"

"होकार आहे," मी म्हटलं.

"मग आत्ता सांगताय? मालक त्या दुसऱ्याला घेऊन घराकडे निघालाय!"

सुताराच्या हातात चौकट देऊन तो माझ्यामागे बसला. पोचलो तर दारापुढे हा घोळका. मालक हातात किल्ली घेऊन उभा, शेजारी तो दुसरा इसम घड्याळ बघतोय, आणि दाराच्या एकुलत्या एका पायरीवर, दाराला पाठ लावून, आमची आत्या. संध्याकाळच्या आत घर हातचं जाऊ नये म्हणून तिन्ही मजले एकटी उतरून, रिक्षा करून आली होती.

"बाई, जरा सरकता का? दार उघडायचंय," मालक म्हणत होता, आणि नक्कीच पहिल्यांदा म्हणत नव्हता.

"सरकले असते हो. गुडघे अडकलेत. उठताच येत नाहीये."

"आम्ही उठवतो."

"हात लावू नका! ऑपरेशन आहे माझं."

तो दुसरा इसम नाक मुरडत म्हणाला, "मी उद्या येतो," आणि गेला. खडूसने मालकाला बाजूला घेतलं, होकार सांगितला, आणि सगळं तिथेच पक्कं करून टाकलं. मग आत्या माझ्या हाताला धरून उठली. तशी बऱ्यापैकी चटकन उठली. गुडघे खरंच अडकले होते की काय, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता आत्या तिथे राहते. ऑपरेशन झालं, मशीन खिडकीखाली आहे, सकाळी कचऱ्याचा वास येतो आणि ती खडूसला फोन करून सांगते, जणू त्यानेच टाकलाय. त्याने मात्र पुरता सूड उगवला. हल्ली त्याच्याकडे जो येतो त्याला तो एकच नंबर देतो, आमच्या आत्याचा.

परवा मी गेलो तेव्हा तिने गुडघ्यावर पांघरूण आणि मांडीवर कुणाच्या तरी शाळेचा गणवेश घेतलेला, बॉबिन अडकलेलं, आणि फोन वाजतोय. तिसऱ्यांदा.

"काय वैताग आहे!" आत्या ओरडली. "बाईमाणसाने शिवायचं कधी? उचलू नये असं वाटतं."

"मग नको उचलू."

तिने माझ्याकडे डोळे वटारले. मग दातातली टाचणी काढून तिने फोन कानाला लावला.

"हो, मीच. खडूस आहे. फार खडूस आहे. आता तुमच्या फोनवरून नको, त्याचं एखादं जुनं गिऱ्हाईक गाठा आणि त्या गिऱ्हाइकाच्या फोनवरून त्याला लावा. ठेवते, मशीन थांबलंय माझं."