उलटी काच

सुनेत्राला मंजूषाचा राग यायचा, आणि राग यावा असं मंजूषाने काहीच केलेलं नव्हतं. हेच तिला जास्त खुपायचं.

सुनेत्रा नाशिकची, इतिहासाची पदवीधर. नवऱ्याच्या, हेमचंद्रच्या, नोकरीमागोमाग नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पला आली. सहा वर्षं घर सांभाळलं, मग लायडनच्या एका लहानशा संग्रहालयात जुन्या काचेच्या निगेटिव्ह पुसायचं काम मिळवलं. शंभर वर्षांपूर्वी एका डच पाद्र्याने चीनमध्ये काढलेले फोटो ते. नदीकाठच्या लाल कातळात खोदलेल्या, दोन हजार वर्षं जुन्या थडग्यांचे. पांडवलेण्यांत लपाछपी खेळून वाढलेल्या बाईला त्या थडग्यांची दारं परकी वाटलीच नाहीत. घरी येऊन ती त्यांच्याबद्दल भरभरून सांगायची. लेक जुई मोबाइलमधून डोकं वर न काढता "हं" म्हणायची.

तीच जुई आता, सतराव्या वर्षी, शाळेच्या शेवटच्या प्रकल्पासाठी त्याच थडग्यांवर लिहीत होती. मदत मात्र मंजूषाची. डेल्फ्टला पीएचडी करणारी ही मुलगी शनिवारी संग्रहालयात काचा स्कॅन करायला यायची. सुनेत्रानेच एकदा तिला जेवायला बोलावलं. अवदसा आठवली, दुसरं काय. त्या दिवशी जुई तिच्याशी चक्क मराठीत बोलली. अडखळत, हसत, पण मराठीत. आईला उत्तरं मिळत ती इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये.

बुधवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुईचा लॅपटॉप उघडा होता. सादरीकरण दुसऱ्या दिवशी. पडद्यावर थडग्याचं दार, दाराच्या उजवीकडे कोरलेला रखवालदार आणि पुढे अंगरखा घातलेला एक हमाल. रखवालदार उजवीकडेच का, यावर जुईचा सगळा निबंध उभा होता.

भेंडी चिरता चिरता सुनेत्राचा हात थांबला. हमालाच्या अंगरख्याची बटणं डाव्या काखेखाली होती. काचा पुसताना तिने असे कितीतरी अंगरखे पाहिले होते, आणि झाडून सगळ्यांची बटणं उजव्या काखेखाली. म्हणजे काच उलट्या बाजूने स्कॅन झाली होती. रखवालदार डावीकडचा होता.

आणि स्कॅन मंजूषाचा.

तिला आतून गोड गुदगुल्या झाल्या. उद्या पहिल्या रांगेत मंजूषा बसणार होती. कुणीतरी जाणकार शिक्षक बोट ठेवेल, तिचा चेहरा उतरेल. सुनेत्राने आणखी चार भेंड्या चिरल्या. मग लक्षात आलं, पडद्यासमोर उभी असणार ती जुई.

"जुई, हा फोटो उलटा आहे."

"मम, मंजूषा चेक्ड इट."

"तिने काच बघितली असेल. तू या माणसाची बटणं बघ."

जुईने फोटो मोठा केला. दुसरा उघडला, तिसरा उघडला. दोन्हींत बटणं उजव्या काखेखाली होती.

"हाउ डू यू नो धिस?"

"तीन वर्षं सांगतेय की घरी."

जुई ओशाळून हसली आणि फोन घेऊन खिडकीशी गेली.

"मंजूषा, ऐक ना. आपला फोटो उलटा आहे. माझ्या आईने पकडलं. बटणावरून! नाही गं, कुणालाच नाही दिसलं, फक्त तिला. माझी आई भारी आहे."

सुनेत्रा पाठमोरी उभी राहून भेंडी चिरत होती. इतकं सरळ मराठी कौतुक, आणि तेही मंजूषापाशी.