आईचं मलम आणि दादाचा निळा रंग

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी माझ्या वरिष्ठ, ताई, त्यावर बोटानं हलकेच टकटक करत आणि म्हणत, "येऊ का आत?"

आत चपट्या बाटल्यांमध्ये, गुलाबी द्रवात, माणसाच्या कातडीच्या पेशी वाढत असत. शस्त्रक्रियेत काढलेल्या कातडीच्या तुकड्यांपासून, त्या त्या माणसाला विचारून घेतलेल्या. "कोणाच्या घरी जाताना दार वाजवत नाही का आपण?" ताई विचारत.

आमच्या जबलपूरच्या प्रयोगशाळेत झाडपाल्याचे अर्क, तेलं, लेप असं काय काय तपासायला येई. ते अगदी पातळ करून पेशींना द्यायचं आणि पेशी तगतात की मरतात ते बघायचं, हे आमचं काम. मी नवी होते तेव्हा एकदा पेशींची बाटली उघडी असताना मला शिंक आली. ताई ओरडल्या, "शिंकायचं असेल तर भेडाघाटला जाऊन शिंक! इथं नाही!" मग स्वतःच इतक्या हसल्या, की त्यांनाच हात धुऊन नव्यानं सुरुवात करावी लागली.

घाईवाल्या लोकांशी मात्र त्यांचं जमत नसे. एक काढेवाले गृहस्थ रोज फोन करत, "दीदी, पास हुआ क्या?" ताई शांतपणे सांगत, "भैया, परीक्षा आपकी है, बच्चे मेरे हैं. रुकिए."

तर या ताईंची खरी परीक्षा घेतली त्यांच्या सख्ख्या भावानं.

दादा फॅक्टरीतून निवृत्त झालेले. जबलपुरातल्याच घमापूरच्या घरी ते भाजल्या-कापल्यावरचं मलम बनवत आणि ओळखीपाळखीत फुकट वाटत. मलम त्यांच्या आईचं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत अजून 'आईचं मलम' म्हणूनच ते ओळखलं जाई. एकदा शेजारच्या भाभींचा हात तव्यानं भाजला. मलम लावूनही जखम भरेना, उलट चिघळली. ताईंनी त्यांना आधी दवाखान्यात नेलं आणि मग एक डबी पर्समध्ये टाकून प्रयोगशाळेत आणली.

पेशी मेल्या. पातळ केलं तरी मेल्या.

त्या दिवशी ताई डबा न खाता बसून राहिल्या. "डिशमधल्या पेशी म्हणजे आख्खा माणूस नाही," त्या मला म्हणाल्या, "पण इतक्या मेल्यावर मी गप्प कशी बसू? आणि दादाला सांगू काय? आईचं मलम वाईट आहे?"

सांगितलं त्यांनी. दादा भडकले. "काहून? आईला खोटं पाडून राहिली का तू?" म्हणाले आणि बोलणंच बंद केलं.

ताईंनी मग दादांच्या फडताळातून मलमाचे जिन्नस मिळवून एकेक वेगळा तपासला आणि दादांना निरोप धाडला, "रागाव, पण एकदा येऊन बघ." दादा आले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा फुगलेला. ताईंनी त्यांच्यासमोर छोट्या छोट्या खळग्यांची पारदर्शक थाळी धरली.

"हे बघ दादा. पिवळं औषध घातलं की जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. हे तेल, जांभळं. हे मेण, जांभळं. राळ, जांभळं. आणि ही शेवटची ओळ."

शेवटची ओळ पिवळीच होती.

"हे काय आहे?" दादांनी विचारलं.

"मोरचूद."

दादा थाळीकडे बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "छोटी, मोरचूद आईचं नाही. ते मी टाकतो. त्यानं मलम निळं दिसलं की लोकांना दमदार वाटते."

मग ताई अशा हसत सुटल्या, की मी घाईनं थाळी त्यांच्या हातातून काढून घेतली. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "अरे दादा, अरे वेड्या," एवढंच म्हणत राहिल्या. दादाही बिचारे हसायला लागले, आणि मग रुमाल शोधायला लागले.

भाभींचा हात दवाखान्याच्या औषधानं बरा झाला. ताईही पुढे निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नागपूरला गेल्या. इन्क्युबेटर आता मी उघडते. तुम्ही अशा माणसासोबत काम केलं असेल, तर त्यांची खुर्ची रिकामी झाल्यावर खोली किती मोठी वाटते हे तुम्हाला माहीत असेल.

पण ताई म्हटलं की मला दिसते ती मलमाच्या त्याच आठवड्यातली, घमापूरच्या बाजारातली संध्याकाळ. दादा स्कूटर चालवताहेत, मागे ताई मांडीवर पिशवी घेऊन बसल्यात. दादा प्रत्येक ओळखीच्या दारासमोर ब्रेक मारून हाक देताहेत, "भाभी, वो नीली डिबिया वापस करो, हमसे गलती हो गई!" आणि ताई हात पुढे करून डबी घेताहेत, पिशवीत टाकताहेत आणि दादांच्या पाठीवर थोपटून म्हणताहेत, "चलो, पुढचं घर."