कसावा घातलेलं टेम्पे

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या मलांग शहरात, त्या गल्लीत टेम्पे घ्यायचं ते वागियेमकडूनच. केळीच्या पानात आंबवलेल्या तिच्या सोयाबीनच्या वड्या कधी तुटल्या नव्हत्या. पण सोयाबीन यायचं अमेरिकेतून, आणि अठ्ठ्याण्णव साली डॉलरपुढे रुपिया असा कोसळला की पोत्याचा भाव दर आठवड्याला नवा. आधी तिने वड्या पातळ केल्या. "काय गं ताई, टेम्पेला उपास घडवतेस की काय?" बायका हसल्या, पण घेत राहिल्या.

मग शेजारच्या लास्मिनीच्या लेकीला सातवा महिना लागला आणि सातव्याच्या जेवणासाठी टेम्पेची मोठी मागणी आली. वागियेमला नाही म्हणवेना, वाढीव भावही सांगवेना. तिने सोयाबीनमध्ये उकडलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा स्वस्त कंद, कुस्करून मिसळला.

जेवणाच्या दिवशी लास्मिनीकडे कढईत पडताच वड्यांचा भुगा झाला. लास्मिनीचा झारा थांबला. तोंडावर बोलायची तिथे रीत नाही, म्हणून बायकांनी तो भुगाच ताटात वाढला. शेवटी बोळक्या तोंडाची आजी म्हणाली, "बरं केलंस हो पोरी, आज मलाही चावता येईल." वागियेमची मान वर होईना.

निघताना रिवाजाप्रमाणे घरच्यांसाठी पानात बांधलेलं भात-कोंबडीचं जेवण तिच्याही हाती आलं. फाटकापर्यंत जाऊन ती परत फिरली.

"मी कसावा घातला होता गं."

"ठाऊक आहे," लास्मिनी हळूच म्हणाली. "रश्शात कोंबडी किती होती, ते तू विचारलंस का?"

दोघी पानाच्या पुड्याकडे बघत उभ्या राहिल्या.